शनिवारची शाळा, दोन दहाची गाडी आणि सारंग

आमचं झेरॉक्सचं दुकान एसटी स्टँडासमोर आहे. जून २०२३ मध्ये नववीतली एक मुलगी संगीत परीक्षेच्या अर्जाच्या झेरॉक्स काढायला आली. प्रवेशिका पूर्ण झालेली, आता मध्यमा प्रथमचा अर्ज. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आमच्याकडची बरीच मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. मीही लहानपणी दोन दिल्यात. सहज विचारलं, "समोर बसून कुणाचं गाणं ऐकलंयस गं?"

"आमच्या क्लासच्या मॅडमचं."

"आणि?"

"मोबाईलवर लई ऐकते की, ताई."

खरा तानपुरा तिनं पाहिला नव्हता. क्लासमध्ये तानपुरा मोबाईलवर वाजतो. आमचं गाव मिरजेपासून एसटीनं तासाभरावर आहे. त्या मिरजेपासून, जिथं तानपुरे नि सतारी घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तीन परीक्षा पास झालेली मुलगी आणि एकही मैफल नाही, हे डोक्यात बसलं ते निघेना.

त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या बऱ्याच पोरांना मी तोच प्रश्न विचारला. समोरासमोर ऐकलेलं संगीत म्हणजे बेंजो पार्टी, हलगी, गावच्या सप्ताहातलं भजन आणि डीजे. यातलं मी काहीच कमी लेखत नाही, भजनावर तर आम्ही वाढलोय. पण एखादी व्यक्ती दोन हातांच्या अंतरावर बसून एक राग तासभर उलगडते, हा अनुभव त्यांच्या वाट्याला येणारच नव्हता. सांगली-कोल्हापूरला कार्यक्रम होतात, ते रात्री नऊ-दहाला संपतात. पुण्याचा सवाई महोत्सव १९५३ पासून चालू आहे, पण तिकीट, प्रवास, मुक्काम असा हिशेब केला की घरातला कुणीही म्हणेल, त्यापेक्षा शेताला खत टाकू.

आमच्या वाचनालयातले निवृत्त ग्रंथपाल काका यावर म्हणाले होते की एके काळी तिकिटानंच दार उघडलं होतं. दरबारातलं गाणं आमंत्रणाशिवाय ऐकता यायचं नाही, तेव्हा कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. चार पैसे दिले की कुणीही आत. आता तेच तिकीट पोरांना बाहेर ठेवतं. काकांना अशी वाक्यं सुचतात; त्यांच्यामुळंच मी यात पडले.

आम्ही पाच जण जमलो. काका, मी, तबला शिकवणारे एक सर, जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका आणि औषधाच्या दुकानातला एक तरुण. स्पिक मॅके ही संस्था १९७७ पासून शाळा-कॉलेजांत जाऊन पोरांना असं समोर बसून गाणं ऐकवते हे माहीत होतं, तेव्हा आपण काही नवीन शोधतोय असा भ्रम नव्हता. एक मैफल करायची, फुकट, पोरांसाठी. गणपती उरकले की लागू म्हटलं.

ऑक्टोबरात सभागृहासाठी अर्ज टाकला. पहिली शिकवण इथली : अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आम्ही सोडली. बारा दिवसांनी गेलो तर अर्जच सापडेना, पुन्हा दिला. मंजुरीला एकूण पाच आठवडे गेले. अर्ध्या दिवसाचं भाडं ६,००० रुपये आणि अनामत ५,००० रुपये. ती अनामत परत मिळायला पुढं चार महिने लागले, तेही भाड्याची मूळ पावती जपून ठेवली होती म्हणून.

मग ध्वनिक्षेपकाची परवानगी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. पोलीस ठाण्यात अर्जासोबत सभागृहाचं मंजुरीपत्र, आयोजकांची ओळखपत्रं, हमीपत्र एवढं दिलं. सभागृहाच्या मागं दवाखाना. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र होऊ शकतं, त्यासाठी शासनाची अधिसूचना लागते, ही दुरुस्ती २०१७ मध्ये झालेली. आमच्या दवाखान्याभोवती अधिसूचना आहे की नाही हे सांगेल असं कुणी भेटेना. "तुम्ही दवाखान्याचं ना-हरकत आणा, विषय संपला," असं सांगण्यात आलं. आणलं. तीन फेऱ्या.

तपासणीच्या यादीत आणखी एक ओळ होती : कार्यक्रमाची संहिता जोडली आहे काय?

"गाण्याची संहिता आणा, मॅडम."

"अहो, ख्यालाची संहिता नसते. बंदिश दोन ओळींची, बाकी गाणारे तिथंच रचतात."

"मग काय गाणार ते लिहून द्या."

मी कोऱ्या कागदावर लिहिलं : राग पूरिया धनाश्री. विलंबित एकताल, द्रुत तीनताल. त्यांनी वाचलं, वरखाली पाहिलं आणि शिक्का मारला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. याच रस्त्यावर मिरवणुकीत दुकानाच्या काचा थरथरतात तेव्हा संहिता कोण मागतं, हा प्रश्न मी तोंडातच ठेवला.

रविवार, २८ जानेवारी २०२४, संध्याकाळी सहा. पाच जणांनी प्रत्येकी ६,००० रुपये काढले होते. भाडं ६,०००, ध्वनियंत्रणा ७,५००, कोल्हापूरहून आलेले तीन कलाकार १५,०००, छपाई १,२००, चहा ९००. वरचे सहाशे माझ्या गल्ल्यातले. खुर्च्या दोनशे, माणसं सव्वाशे, त्यातली पोरं मोजून चौतीस. मला चौतीसही खूप वाटली.

पण आम्ही मोठा घोळ घालून ठेवला होता. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, एका पाहुण्यांचं "दोन शब्द" म्हणून सुरू झालेलं भाषण. गाणं सुरू झालं सहा चाळीसला. आलापी रंगायला लागली, गायिकेनं डोळे मिटले, आणि सात दहाला मधल्या रांगेतली पोरं उठली. आधी चार, मग दहा, मग जवळजवळ सगळी. चपलांचे आवाज, दाराचा करकर आवाज. गायिका गात राहिली, पण तिचा चेहरा मला दिसत होता. शेवटी उरले पेन्शनर मंडळी आणि आम्ही.

नंतर चहाला एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "आजकालच्या पिढीला धीर नाही हो." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. त्या रात्री मी घरी भांडी घासताना रडले, तीस हजार रुपयांसाठी की कशासाठी ते कळलं नाही.

सोमवारी ती मुलगी दुकानात आली. मी जरा तुटकच बोलले. ती म्हणाली, "ताई, साडेसातची शेवटची गाडी हाय आमची. चुकली तर पप्पांना गाडी घेऊन यायला लागतंय, मग परत कधीच सोडत नाहीत." थोडं थांबून म्हणाली, "आणि रविवारी पास चालत नाही. तिकीट काढून आल्ताव आम्ही."

पंधरा वर्षं स्टँडासमोर बसते मी. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, बाकी विद्यार्थ्यांना तिकिटाच्या एकतृतीयांश पैशांत. या पासांचे अर्ज मीच भरून देते. कुठल्या गावची गाडी कधी, हे मला कंट्रोलरच्या खालोखाल माहीत. आणि मैफल ठरवताना कलाकारांच्या तारखा पाहिल्या, सभागृहाच्या पाहिल्या, पंचांगही पाहिलं. गाड्यांचा फलक पाहिला नाही.

त्या दिवशी दुकानात बसून तो फलक वहीत उतरवला. शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटते. जवळच्या गावांची पोरं सव्वाबाराच्या गाडीनं जातात. लांबच्या सात गावांची गाडी दोन दहाला. म्हणजे दर शनिवारी शंभरेक पोरं अडीच तास स्टँडावर बसून असतात, कठड्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, माझ्या दुकानाच्या पायरीवर. मी त्यांना "गिऱ्हाईकाला वाट द्या रे" म्हणून उठवते. श्रोते समोर बसलेले होते आणि मी सभागृहाच्या अनामतीमागं फिरत होते.

तबल्याच्या सरांना बारा ते पावणेदोन अशी वेळ सांगितली तर ते हसलेच. मग म्हणाले, "अहो, सारंगाची वेळ आहे ही!" मैफली बहुतेक संध्याकाळी-रात्री होतात, त्यामुळं दुपारचे राग मंचावर फार कमी ऐकायला मिळतात. शुद्ध सारंग, वृंदावनी सारंग, गौड सारंग. एसटीच्या वेळापत्रकानं आमचा राग ठरवला.

जागा वाचनालयाची. वरच्या मजल्यावर जुना हॉल, दगडी भिंती, लाकडी माळवद, साठ-सत्तर जण सतरंजीवर बसतील एवढा. वाचनालयाच्या कार्यकारिणीचा ठराव लागला, तो एका बैठकीत झाला. आणि ध्वनिक्षेपक लावायचाच नाही असं ठरवलं. त्या हॉलमध्ये गरज नाही, आणि ध्वनिक्षेपक नाही म्हणजे ती परवानगी नाही. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी हे तपासा : जागा इतकी लहान घेता येईल का, की ध्वनिक्षेपकच नको? अर्धी कागदपत्रं आपोआप गळतात. कॉपीराइटचंही विचारून घेतलं. पारंपरिक बंदिशींना अडचण नाही. सिनेमातली किंवा अलीकडच्या संगीतकारांची गाणी जाहीर कार्यक्रमात गायची तर परवान्याचा प्रश्न येतो, तिथं आधी चौकशी केलेली बरी.

तानपुरा काकांच्या माळ्यावर निघाला. त्यांच्या आत्याचा, भोपळ्याला बारीक चीर, तारा गंजलेल्या. एप्रिलमध्ये तो चादरीत गुंडाळून मी एसटीनं मिरजेला नेला. कंडक्टर म्हणाला, "ताई, पेशंट हाय काय?" सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी भोपळ्यावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, भोपळा चांगला आहे, पंढरपूरकडचा, टाकू नका. चीर सांधणं, नव्या तारा, घोडीची जवारी (तारांखालची घोडी घासून आवाज गुंजेल अशी करणं), सगळं मिळून ३,४०० रुपये आणि सव्वा महिना. त्याच सुमारास मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याच्या बातम्या आल्या होत्या. घ्यायला गेले तेव्हा त्यांनी चार तारा छेडून दाखवल्या. जवारी जमली की तार नुसती वाजत नाही, वाजून झाल्यावर बोलत राहते. मी तिथंच स्टुलावर पाच मिनिटं बसून राहिले.

शाळेची परवानगी हा वेगळा अध्याय. मुख्याध्यापिका बाई सकारात्मक, पण "वरून पत्र असेल तर बरं". वरच्या कार्यालयात सांगितलं, "शाळेचा ठराव असेल तर बरं". जुलैचे तीन आठवडे या दोन 'बरं'च्या मधे गेले, त्यात पावसानं आठवडाभर सगळंच ठप्प. शेवटी बाईंनीच तोड काढली. त्या वर्षी आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी 'आनंददायी शनिवार' उपक्रम आला होता, त्यात सातवी-आठवी बसवली. नववी-दहावीची मुलं शाळा सुटल्यावर स्वतः येणार, त्यासाठी पालकांचं संमतीपत्र. ते मी अर्ध्या पानाचं केलं आणि त्यात एक वाक्य ठळक टाकलं : "बैठक १.४५ ला संपेल, मुले २.१० च्या गाडीने घरी येतील." संमतीपत्रं भराभर परत आली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, आयांनी बाकी काही वाचलं नसेल, ही ओळ वाचली.

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४. पाऊस भुरभुर. त्रेसष्ट पोरं, जिन्यावर चिखलाच्या चपलांचा ढीग. दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाही. पहिल्यांदा खिचडी. साडेसातपासून शाळेत असलेल्या पोराला उपाशीपोटी आलाप ऐकवणं हा अत्याचार आहे, हे शिक्षिकाबाईंचं मत आणि मला ते शंभर टक्के पटलं. खिचडी २,१००, कलाकार ९,०००, त्यांचा प्रवास ६००. कलाकारांना फुकट गायला लावायचं नाही हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं. तरुण पोरांना पुढं गाण्यात यायचं असेल तर गाण्यावर पोट भरतं हेही त्यांना दिसायला हवं.

गायिका पंचविशीतली. तिनं बोलणं फार केलं नाही. तानपुरा लावला, आणि लावताना पोरांना सांगितलं की तार बरोबर लागली की तुम्हाला कळेल, हात वर करा. पहिल्यांदा कुणीच हात केला नाही. मग दोन. मग पंचम, म्हणजे 'प', मिळाला आणि एकदम वीस-पंचवीस हात वर गेले. आठवीतला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, स्पीकर कुठं लपवलाय?" त्याला जवळ बोलावून भोपळ्याला कान लावायला दिला.

शुद्ध सारंग पन्नास मिनिटं चालला. सगळे तल्लीन झाले वगैरे मी लिहिणार नाही. मागची एक रांग चुळबुळत होती, दोघं झोपले, एकाचा मोबाईल वाजला. पण शुद्ध नि तीव्र असे दोन मध्यम ('म') पाठोपाठ आले तसं खिडकीपाशी बसलेल्या त्या मुलीनं झटकन मान वर केली. चौथ्या परीक्षेसाठी तिनं रागनियम पाठ केले होते, ते तिला आता ऐकू आले असावेत. शेवटी तुकोबांचा एक अभंग, त्याला सगळ्यांच्या टाळ्या ठेक्यात. एक सत्तेचाळीसला संपलं. एक पंचावन्नला हॉल रिकामा. दोन दहाला मी दुकानातून गाडी सुटताना पाहिली.

पुढच्या दोन बैठका झाल्यावर एका व्यापाऱ्यानं वर्षाची खिचडी देऊ केली, पण पावती मागितली. पावती द्यायला संस्था हवी. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला लागलो. किमान सात जण लागतात, म्हणून दोन पालक घेतले. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली नोंदणी. घटना, नियमावली, सभासदांची यादी, संमतीपत्रं, अधिकारपत्र, कार्यालयाच्या जागेचं संमतीपत्र नि वीजबिल, प्रतिज्ञापत्र. शंभराच्या स्टँपवर भागायचं तो काळ नुकताच संपला होता. ऑक्टोबरपासून पाचशेचा लागत होता. आमच्याकडं त्रुटी निघाली ती नावाची : काकांच्या आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पॅनवर आद्याक्षर. नुसत्या त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र आणि सात आठवडे. सातही जणांची कागदपत्रं समोर ठेवून नावांची अक्षरन्‌अक्षर तुलना आधीच करा, स्पेलिंगसकट. वकिलाची फी, स्टँप, नोटरी, फेऱ्या धरून १४,८०० रुपये. जून २०२५ मध्ये दोन्ही प्रमाणपत्रं हातात आली. मग पॅन, मग बँक खातं, मग प्राप्तिकराची तात्पुरती नोंदणी, ती ऑनलाइन होते आणि तीन वर्षांसाठी असते. विश्वस्तांत बदल झाला तर नव्वद दिवसांत बदल अर्ज टाकायचा, हे मी दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

बैठका मात्र नोंदणीसाठी थांबवल्या नाहीत. शाळा चालू असताना महिन्यातून एक. काही फसल्या. सतारीच्या वेळी तार तुटली आणि वीस मिनिटं नुसती दुरुस्ती पाहण्यात गेली (पोरांना तीच जास्त आवडली). आयटीआयची मुलं अजून येत नाहीत, त्यांची सुटी पाचला होते आणि त्यांच्यासाठी काय करायचं ते उमगलेलं नाही. मिरवणुकीत साउंडवर काम करणारा एक पोरगा मात्र दर वेळी तबल्याच्या अगदी शेजारी येऊन बसतो. त्यानं तबल्यावरच्या काळ्या शाईबद्दल इतके प्रश्न विचारले की सरांनी त्याला जुना फुटका तबला देऊन टाकला. त्याच्याच हट्टानं हलगीची बैठक ठेवली. ध्वनिक्षेपक नव्हता, तरी शेजारच्यांनी तक्रार केली आणि हवालदार आले. परवानगीचा कागद मागितला. यासाठी ध्वनिक्षेपकाची परवानगी कशी लागेल, यावर थोडी चर्चा झाली. "खिडक्या तरी लावा," म्हणाले. लावल्या. घामानं भिजलो सगळे.

सप्टेंबरात डेपोत एक अर्ज दिलाय, बैठकीच्या शनिवारी दोन दहाची गाडी पंधरा मिनिटं उशिरा सोडता येईल का म्हणून. आवक क्रमांक घेतलाय या वेळी. ती मुलगी आता अकरावीत आहे. मला साडेअकराला गिऱ्हाईक सोडून निघता येत नाही, म्हणून वाचनालयाची किल्ली तिच्याकडं असते आणि तानपुरा तीच काढून लावून ठेवते. पुढची बैठक शनिवार, २७ डिसेंबर २०२५, दुपारी बारा, गौड सारंग. दोन दहाची गाडी अजून दोन दहालाच सुटते.